दूरच्या यंत्राची खबरबात

म्हैसूरजवळच्या कृष्णराजसागर धरणाचे नाव निघाले की सर विश्वेश्वरय्यांचे स्मरण होते. महाराष्ट्राशी त्यांचा ऋणानुबंध मात्र त्याहून जुना. मुंबई इलाख्याच्या सेवेत असताना त्यांनी स्वयंचलित दरवाजांची योजना आखली आणि १९०३ साली ती पुण्याजवळच्या खडकवासला धरणावर प्रथम अमलात आली. तलावाचे पाणी ठरावीक पातळीवर चढले की दरवाजे आपोआप उघडत. उतरले की मिटत. पुढे ही योजना कृष्णराजसागरावरही आली. यंत्राने माणसाच्या हाताची वाट पाहू नये, हा त्यातील विचार. परंतु दरवाजाची स्थिती कशी आहे, कोठे झीज झाली आहे काय, हे पाहावयास माणसाला तेथे जावेच लागे. यंत्र काम करी; खबर देत नसे.

कारखान्यातील आजचा यंत्रमानव येथेच वेगळा ठरतो. १९६१ साली अमेरिकेत जनरल मोटर्सच्या कारखान्यात ‘युनिमेट’ हा पहिला औद्योगिक यंत्रमानव कामाला लागला. साच्यातून निघालेले तप्त सुटे भाग उचलणे, हे त्याचे काम. यंत्रमानव म्हटला तरी तो वस्तुतः एक हातच. त्याला बहुधा सहा सांधे असतात. प्रत्येक सांध्यात एक विद्युत मोटर आणि तिचा वेग घटवून जोर वाढविणारा गिअरबॉक्स असतो. त्यातील भाग झिजू लागले की तीच हालचाल करण्यास मोटर अधिक वीज ओढते, सांधा तापतो, त्यात सूक्ष्म थरथर येते. कानाला हे कळण्यापूर्वीच आकडे ते सांगू लागतात. हे आकडे टिपून इंटरनेटवरून दूरच्या संगणकाकडे धाडले जातात. तेथे त्यांची त्याच यंत्राच्या मागील आकड्यांशी तुलना होते आणि फरक वाढत गेला की इशारा मिळतो. अशा रीतीने म्हैसूरच्या हेब्बाळ औद्योगिक वसाहतीतील यंत्राचे दुखणे पुण्यात बसलेल्या तज्ज्ञाला कळू शकते. मग नवा गिअरबॉक्स सुटीच्या दिवशी बसविता येतो. ऐन पाळीत एक हात अडून मागची-पुढची सारी कामे खोळंबण्याचा प्रसंग टळतो.

तथापि आकडा म्हणजे यंत्र नव्हे. २०१० साली उघडकीस आलेल्या ‘स्टक्सनेट’ या संगणकीय विषाणूने इराणमधील नतान्झ येथील अणुकेंद्रातली यंत्रे बिघडविली आणि त्याच वेळी देखरेखीच्या पडद्यावर आधी टिपून ठेवलेले निर्दोष आकडे पुनःपुन्हा दाखविले. पडदा ‘सर्व क्षेम’ म्हणत होता, यंत्रे मोडत होती. म्हणून जवळून पाहणाऱ्या जाणत्या फिटरची गरज संपत नाही.

दुसरी गोष्ट याहून मोलाची. जी तार खबर आणते, तिच्यावरून हुकूमही जाऊ शकतो. दुरुस्तीसाठी कामगार यंत्राभोवतीच्या कुंपणाच्या आत शिरला असता दूरच्या कोणी बटन दाबले, तर काय अनर्थ होईल, हे सांगावयास नको. म्हणूनच नियंत्रण जागेवरच्या माणसाच्या हाती असताना अन्य कोठूनही हालचाल सुरू होता कामा नये, असा सुरक्षेचा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. आत जाण्यापूर्वी वीज तोडून त्या खटक्याला कामगाराने स्वतःचे कुलूप लावावे, अशीही रीत आहे.

दूरच्या तज्ज्ञाने यंत्राची प्रकृती अवश्य पाहावी, सल्ला द्यावा. परंतु त्या कुलपाची किल्ली, ज्याचा हात यंत्रात आहे, त्याच्याच खिशात असली पाहिजे.