थंड उजेडाची पूड

प्रकाश देणाऱ्या पदार्थांवर लिहायला बसलेला प्रत्येक जण हल्ली २०१४ पासून सुरुवात करतो. आकासाकी, अमानो, नाकामुरा, निळा एलईडी, नोबेल आणि तिथून थेट आपल्या दिवाणखान्यातला दिवा. त्या तिघांना माझा नमस्कारच आहे. पण निळी चिप एकटी काय उजेड पाडणार? तिच्यावर सिरियम मिसळलेल्या यिट्रियम-ॲल्युमिनियम गार्नेटची पिवळी पूड बसते. ती थोडा निळा प्रकाश गिळून पिवळा सोडते, उरलेला निळा त्यात मिसळतो आणि आपल्याला पांढरे दिसते. पूड काढा, दिवा निळाच. तरी पूडवाल्यांना समारंभात मागच्या रांगेतली खुर्ची. मी जन्मभर पूडवाला राहिलो, तेव्हा हा आढावा कुठे झुकणार ते सांगायला नकोच.

महाराष्ट्रातली या घराण्याची खरी गादी ट्रॉम्बेची. तिथला कच्चा माल कॅल्शियम सल्फेट, म्हणजे आपल्या चिरोडीचेच भावंड. ते गरम गंधकाम्लात विरघळवायचे, चिमटीतही येणार नाही इतके डिस्प्रोसियम घालायचे आणि आम्ल सावकाश आटवत बसायचे. घाई केली की स्फटिक बिघडले. मग सुमारे ७०० अंशांची भट्टी. ही पूड किरणोत्सार झेलते, सुटलेले इलेक्ट्रॉन स्फटिकातल्या खाचाखोचांत अडकून राहतात आणि महिन्यांनी तापवली तरी झेललेल्या मात्रेच्या प्रमाणात उजेड देते: ४७८ नॅनोमीटरला निळसर, ५७१ ला पिवळा. मूळ कृती जपान्यांची. पण भाभा अणुसंशोधन केंद्रात नंबी, बापट आणि गांगुली यांनी डिस्प्रोसियमसारखे एकेक दुर्मिळ मृदा-मूलद्रव्य घालून त्या सल्फेटची जी झाडाझडती घेतली, त्या १९७४ च्या निबंधाला या विषयात बगल देता येत नाही. याच पुडीच्या टेफ्लॉनमध्ये दाबलेल्या तीन चकत्या किरणोत्साराची मात्रा मोजणाऱ्या टीएलडी बॅजमध्ये गेल्या. एक धातूच्या गाळणीखाली, एक प्लास्टिकखाली, एक उघडी. तिघींच्या उजेडातल्या फरकावरून कोणत्या जातीचे किरण किती लागले ते कळते. एक्स-रे काढणाऱ्या तंत्रज्ञाच्या छातीवरचा तो बिल्ला आपण रोज पाहतो आणि त्यातले रसायन विचारत नाही.

नागपूर विद्यापीठात मोहरील आणि ढोबळे यांनी अशा पुडींवर, म्हणजे फॉस्फरवर, काम करणाऱ्यांची फळी उभी केली, पुण्यात सुलभा कुलकर्णी यांनी झिंक सल्फाइडचे नॅनोकण उजळवले. त्यापुढची निबंधांची बरीचशी रास मी चाळून बाजूला ठेवली: तोच स्फटिक, नवी अशुद्धी, नवा आलेख. पूड करणे हे कारागिराचे काम, विज्ञान संगणकावर होते, असे सांगणारे एक विद्वान मला दर परिसंवादात भेटतात. त्यांनी एकदा आम्ल आटवून दाखवावे. आता विद्यार्थीही तयार पूड बाटलीतून मागवतात.

निवृत्तीनंतर मी मुळशीत आलो. या तालुक्याचा आणि उजेडाचा हिशेब जुना आणि कडू आहे. १९२१ साली धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला, सेनापती बापटांनी तुरुंग भोगला. भातखाचरे पाण्याखाली गेली आणि वीज मुंबईला.

इथल्या ताम्हिणी घाटातल्या झाडांवर मात्र पाऊस तोंडावर आला की तारेवाचूनचा उजेड येतो. ल्युसिफेरिन, एटीपी, प्राणवायू आणि ल्युसिफरेज हे विकर, एवढ्यावर काजव्याचे भागते. १९६० मध्ये सेलिगर आणि मॅकेलरॉय यांनी शंभर रेणूंमागे ८८ प्रकाशकण मोजले. तो आकडा पाठ्यपुस्तकांत जवळपास अर्धे शतक मुरला. २००८ साली जपानमध्ये पुन्हा मोजणी झाली तेव्हा ४१ भरले. मला ४१ सुद्धा अफाटच वाटतात.

काजव्याचा हिरवट-पिवळा आणि आमच्या पिवळ्या पुडीचा पट्टा जवळजवळ एकच, ५५० नॅनोमीटरच्या आसपास. नर चमकून विचारतो, मादी चमकून उत्तर देते आणि फार्महाऊसचे एलईडी फ्लडलाइट नेमक्या त्याच रंगात रात्रभर मध्ये बोलत राहतात. शनिवार-रविवारी त्यात मोबाइलचे टॉर्च आणि गाड्यांचे हेडलाइट. ज्या पुडीची बाजू मी इतका वेळ मांडली तिचाच हा प्रताप, म्हणून हे सांगणे मला भाग आहे: पौड-ताम्हिणी रस्त्याला ज्यांचे बंगले आहेत त्यांनी मे अखेरपासून पहिल्या जोरदार पावसापर्यंत अंगणातले दिवे बंद ठेवावेत. अगदीच नडले तर जमिनीकडे तोंड केलेला एखादा मंद तांबडा दिवा लावावा.