मागच्या सीटवरचं हेल्मेट

२०१९ मध्ये इंदूरच्या चौकात हेल्मेट घातलेल्यांचे हसत आभार मानणाऱ्या एमबीएच्या विद्यार्थिनीचा व्हिडिओ देशभर गाजला. सक्तीपेक्षा मला अशा स्वयंसेवक मुलांचाच भरवसा वाटतो. १ ऑगस्ट २०२५ पासून इथे हेल्मेटशिवाय पेट्रोल बंद झालं, तर एका पठ्ठ्याने दुधाच्या कॅनचं झाकण डोक्यावर ठेवून पेट्रोल भरलं!

आपल्या घरांत तरी काय? काकांच्या डोक्यावर हेल्मेट, मागे काकूंच्या केसांत नुसता गजरा. मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ मागे बसणाऱ्यालाही लागू आहे. ‘कार्यक्रमात हेल्मेट ठेवायचं कुठे?’ ही काकूंची अडचण मात्र खरी. म्हणून यंदा गणेशोत्सवात आमची तरुण मंडळी हॉलच्या दाराशी हेल्मेटं सांभाळणार आहेत. काकू, गजरा पिशवीतून आणा, इथे आल्यावर माळा.