छापायच्या आधी दाखवा!

सुरुवातीलाच कबूल करते. मी कॉन्व्हेंटची. पहिली ते दहावी मराठी म्हणजे आठवड्यातून चार तास, आणि मॅडम आल्या नाहीत की त्यातला एक पी.टी.ला. त्यामुळे या लेखात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सापडल्या तर संपादक मंडळाला धरा, मला नको. पण चुका या विषयावर बोलायचा अधिकार मात्र मी कमावलेला आहे. गेल्या वर्षी गॅदरिंगच्या फ्लेक्सवर 'वार्षकि स्नेहसंमेलन' छापणारी ती महान कलाकार मीच!

मेन गेटच्या डाव्या हाताला, दहा बाय सहा फूट. शिवाय ए-थ्री आकाराची चाळीस पोस्टर्स, दोन्ही हॉस्टेल आणि सगळ्या डिपार्टमेंटमध्ये लावलेली. सगळ्या मेस चर्चेत दोन दिवस तोच विषय होता, म्हणून नव्याने वर्णन करत नाही. सांगायचंय ते वेगळंच. ते डिझाइन मी छापायच्या आधी दाखवलं होतं! रात्री दीड वाजता कोअर कमिटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं, खाली लिहिलं, "कसं वाटतंय?" पाच मिनिटांत अकरा अंगठे आले. एकाने तर आगीचं चित्र पाठवलं. सकाळी फाइल प्रेसला गेली, दुपारी साडेचार हजार रुपये गेले, आणि संध्याकाळी ग्रंथालयातले काका घरी जाताना गेटपाशी थांबून मला विचारत होते, "ताई, हे वार्षकि म्हणजे काय हो?"

मला खरंच दोन मिनिटं कळलं नाही त्यांना काय दिसतंय ते.

आधी तांत्रिक भाग उरकून घेते, कारण पुढच्या वर्षी कुणीतरी हेच करणार आहे. युनिकोडमध्ये आपली अक्षरं उच्चाराच्या क्रमाने साठवली जातात. 'र्षि' म्हणजे र, मग हलन्त, मग ष, आणि शेवटी पहिली वेलांटी. पडद्यावर मात्र वेलांटी ष च्या आधी यायला हवी आणि र चा रफार होऊन डोक्यावर बसायला हवा. ही जुळवाजुळव करणारा एक वेगळा प्रोग्रॅम असतो. क्रोम आणि फायरफॉक्समध्ये हे काम हार्फबझ नावाची लायब्ररी करते, म्हणून ब्राउजरमध्ये मराठी छान दिसतं. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये अक्षरजुळणीचं जे इंजिन आपोआप चालू असतं त्याला हे येत नाही. प्रेफरन्सेसमध्ये जाऊन दक्षिण आशियाई लिप्यांचं इंजिन निवडावं लागतं. मी ते केलं नव्हतं. त्यामुळे र पाय मोडून खाली बसला, आणि वेलांटी ष च्या पुढे म्हणजे क च्या आधी आली. स्नेहातला 'स्ने' सुद्धा फुटला होता. मला वाटलं फॉन्टची स्टाइलच तशी आहे. फॅन्सी!

आता मुद्द्याकडे. अकरा जणांनी पाहिलं आणि एकालाही दिसलं नाही, असं का?

जेकब नील्सन हे यूजेबिलिटी या विषयातलं मोठं नाव. त्यांनी आणि टॉमस लँडाउअर यांनी १९९३ मध्ये एक साधं सूत्र मांडलं. एक माणूस तुमचं डिझाइन वापरून बघतो तेव्हा त्याला एकूण दोषांपैकी सरासरी ३१ टक्के दोष सापडतात. म्हणजे ६९ टक्के सुटतात. दुसऱ्याने बघितल्यावर ०.६९ चा वर्ग, तिसऱ्याने घन... पाच जणांनंतर ०.६९ चा पाचवा घात, म्हणजे जेमतेम ०.१६. थोडक्यात पाच माणसांत सुमारे ८५ टक्के दोष बाहेर येतात. म्हणून नील्सन यांनी २००० साली लिहिलं की पंधरा जणांना एकदाच दाखवण्यापेक्षा पाच-पाच जणांना तीनदा दाखवा, मधे सुधारणा करत. हा आकडा सॉफ्टवेअर वापरून बघण्याच्या चाचण्यांचा आहे, पोस्टरला तसाच्या तसा चिकटवू नये, हे मान्य. पण आमचं कुठे बिघडलं ते यात नेमकं दिसतं. सूत्रातला ३१ टक्के हा आकडा बघणाऱ्यावर अवलंबून असतो. आमच्या कोअर कमिटीत बहुतेक सगळे माझ्यासारखेच, मराठी बोलणारे पण इंग्रजीत वाचणारे. त्यात रात्रीचा दीड, मोबाइलवर अंगठ्याएवढं चित्र. जोडाक्षराची चूक सापडण्याची शक्यता प्रत्येकाची शून्य. मग एक वजा एकचा अकरावा घात. उत्तर शून्यच! अकराचे एकशे अकरा केले असते तरी शून्यच.

दुसरं कारण म्हणजे अंगठा. सॉलोमन अॅश या मानसशास्त्रज्ञाने १९५१ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग आमच्या ह्युमॅनिटीजच्या सिलॅबसमध्ये नाही, पण असायला हवा. एका रेघेएवढी लांब रेघ तीन रेघांतून ओळखायची. उत्तर डोळ्यांना स्वच्छ दिसतं. पण खोलीतले बाकी सगळे (ते आधीच सामील असलेले) एकमुखाने चुकीचं उत्तर देतात. तेव्हा खऱ्या उमेदवाराची सुमारे एक तृतीयांश उत्तरं त्यांच्या मागे गेली. व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये चार अंगठे दिसल्यावर पाचवा माणूस "अगं थांब, ते र्षि बघ" असं लिहील का? दिसलं असतं तरी नसतं लिहिलं. शिवाय "कसं वाटतंय?" या प्रश्नाला आपल्याकडे "छान" हेच उत्तर असतं. पाहुण्यांना भाजी कशी झालीये विचारण्यासारखं ते.

यावर्षी मॅगझिनच्या कव्हरचं काम पुन्हा माझ्याकडेच आलं. (का ते संपादक मंडळाला माहीत. बहुधा प्रायश्चित्त म्हणून.) या वेळी शोधाशोध केली, तेव्हा मोझिलाचं उदाहरण सापडलं.

फायरफॉक्स बनवणारी मोझिला ही संस्था सगळं उघड्यावर करण्यासाठी प्रसिद्ध. सोर्स कोड उघडा, तसा लोगोही उघड्यावर करायचा असं त्यांनी २०१६ मध्ये ठरवलं. लंडनच्या जॉन्सन बँक्स या डिझाइन स्टुडिओला बरोबर घेतलं. एरवी असं काम बंद खोलीत होतं आणि एक दिवस पडदा उघडतो. मोझिलाने जूनमध्ये काम जाहीर केलं आणि ऑगस्टमध्ये सात कच्च्या कल्पना इंटरनेटवर मांडल्या. जगभरातल्या लोकांनी कडकडून टीका केली. त्या ऐकून सप्टेंबरात यादी चारवर आणली, काही कल्पना मूळच्या, काही बदललेल्या. जानेवारी २०१७ मध्ये शेवटचा लोगो जाहीर झाला. मोझिलाच्या इंग्रजी स्पेलिंगमधली मधली तीन अक्षरं काढून तिथे वेबच्या पत्त्यात असतात ती ':' आणि दोन तिरप्या रेघांची '//' ही खूण. त्यासाठी झिला नावाचा खास फॉन्ट केला, तोही सगळ्यांना फुकट.

मला आवडलेली गोष्ट पुढेच आहे. त्यांनी मतदान घेतलं नाही. २०१८ मध्ये फायरफॉक्सच्या नव्या चिन्हांचे दोन संच लोकांपुढे ठेवले, तेव्हाही स्पष्ट सांगितलं की मतं मोजणार नाही आणि कुणाकडून फुकट डिझाइनही करून घेणार नाही, तुम्हाला काय दिसतंय तेवढं सांगा. म्हणजे दोष दाखवायचा हक्क सगळ्यांना, पण पेन एकाच्याच हातात. याच्या उलट कपड्यांच्या गॅप कंपनीचं. ऑक्टोबर २०१० मध्ये त्यांनी नवा लोगो थेट वेबसाइटवर लावला, लोक खवळले, आणि आठवडाभरात जुना परत आणावा लागला. आधी दाखवला असता तर शिव्या तेवढ्याच पडल्या असत्या, पण घरातल्या घरात.

मोझिलाचा तो लोगोही कायम राहिला नाही बरं का. डिसेंबर २०२४ मध्ये त्यांनी पुन्हा नवं रूप घेतलं, झेंडा आणि डायनोसॉर मिळून. तेव्हा उघड्यावर केलं की अमरपट्टा मिळतो असं काही नाही.

तर आम्ही काय केलं ते सांगते. व्हॉट्सअॅप बंद. फिग्मा नावाचं ब्राउजरमध्ये चालणारं साधन आहे, २०१६ पासून सगळ्यांसाठी खुलं, विद्यार्थ्यांना फुकट. एका फाइलची लिंक पाठवायची, आणि समोरचा डिझाइनच्या नेमक्या जागेवर टाचणी टोचल्यासारखी कॉमेंट टाकू शकतो. "खालचं ते जरा वर घे" यातलं खालचं कुठलं आणि ते म्हणजे काय, हा प्रश्नच मिटतो. (पूर्ण मुक्त सॉफ्टवेअर हवं असेल तर पेनपॉट बघा, काम तेच.)

पहिल्या दिवशी तीन कव्हरं केली, तीही करड्या चौकोनांची. फोटोच्या जागी चौकोन, मथळ्याच्या जागी पट्टी. रूममेट म्हणाली, "हे लोकांना दाखवणार? लाज नाही वाटत?" वाटली. पण कच्चं दाखवलं की लोक रचनेवर बोलतात. गुळगुळीत करून दाखवलं की रंगावर बोलतात आणि रचनेतला दोष तुम्ही चार रात्री जागलात म्हणून पोटात घालतात. शिवाय चार रात्री घालवल्यावर ते बदलायची आपलीही तयारी नसते. पहिल्याच फेरीत कळलं की वर्ष कुठल्याच कव्हरवर नाहीये!

माणसं मुद्दाम वेगवेगळी निवडली. एक फर्स्ट इयरचा, लातूरकडचा, बारावीपर्यंत मराठी माध्यम. एक मेकॅनिकलच्या लॅब असिस्टंट मॅडम. माझी आई, जी शाळेत मराठी शिकवते (हो, आणि मी कॉन्व्हेंटला, तो विषय नको). एक माझी डिझाइनवाली चुलतबहीण. आणि ग्रंथालयातले काका. प्रत्येकाला आधी एकट्याला लिंक दिली, सगळ्यांनी लिहून झाल्यावर मगच कॉमेंट एकमेकांना दाखवल्या. प्रश्नही बदलला. पाच सेकंद कव्हर बघा, फोन उलटा ठेवा, आणि काय काय वाचलंत ते सांगा. सगळ्यात आधी नजर कुठे गेली? वाचताना कुठे अडखळलात?

काय सापडलं ऐका. आईने 'ल' वर टाचणी मारली. मराठी वळणाचा ल आणि श वेगळा, हिंदी वळणाचा वेगळा, आणि माझ्या कव्हरवर हिंदी वळणाचे होते. हे मला वीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. बऱ्याच देवनागरी फॉन्टमध्ये दोन्ही रूपं असतात, पण मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवावी लागते, नाहीतर हिंदीचंच रूप येतं. फर्स्ट इयरच्या मुलाने सांगितलं की हिरव्यावरची लाल ओळ त्याला दिसतच नाही. त्याला लाल-हिरवा फरक कमी कळतो, आणि हे त्याने हॉस्टेलमध्ये आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. त्या कॉमेंटनंतर मी कॉन्ट्रास्ट मोजला. वेबच्या मानकात बारीक अक्षरांसाठी किमान ४.५ ला १ सांगितलंय, माझा त्याच्या जवळपासही नव्हता. काकांचं फिग्मावर खातं नाही, त्यांना माझ्या फोनवर दाखवलं आणि टाचणी मी टोचली. त्यांचं म्हणणं, पुस्तकाच्या कण्यावर नाव आणि वर्ष टाका, कपाटात उभं ठेवलं की काय दिसतं?

सगळंच ऐकलं असं नाही. चुलतबहीण म्हणाली मथळा लहान कर, लॅबच्या मॅडम म्हणाल्या मोठा कर. दोन्ही ऐकून मधला आकार काढला असता तर कव्हर कुणाचंच झालं नसतं. तेव्हा दोघींना विचारलं, का? मॅडमना लांबून वाचता येत नव्हतं. बहिणीला मथळा फोटोवर चढतोय असं वाटत होतं. दोघींची तक्रार वेगळी होती, उपाय तेवढा उलटा सुचवला होता. मी फोटो खाली सरकवला, मथळा होता तसाच ठेवला. दोघीही खूश.

एक गोष्ट मात्र या पद्धतीत कधीच कळत नाही, ती म्हणजे कागद. पडदा प्रकाशाने रंग दाखवतो, म्हणजे आरजीबी. प्रेस शाईने, म्हणजे सीएमवायके. पडद्यावरचा झगझगीत निळा शाईत उतरतच नाही, पाचही जणांनी "मस्त" म्हटलेला आमचा निळा पहिल्या प्रूफमध्ये शाळेच्या गणवेशासारखा आला. त्यासाठी एक प्रूफ कागदावर काढून उन्हात बघणं हाच इलाज. ऐंशी रुपये लागले.

ते प्रूफ घेऊन परवा ग्रंथालयात गेले. काकांनी चष्मा पुसला, कव्हर उलटंसुलटं करून पाहिलं, कण्यावर बोट फिरवलं. मग आतलं पहिलं पान उघडून, अनुक्रमणिकेवर बोट ठेवून म्हणाले, "ताई, हा सातव्या ओळीतला अनुस्वार..."