अंगणातल्या काँक्रीटच्या सांध्यात सिमेंट भरू नका

खामगावहून एका श्रोत्याची व्हॉइस नोट आलीय. गेटपासून पोर्चपर्यंत जुनं काँक्रीट आहे, सांध्यातलं डांबर निघून गवत उगवलंय. मिस्त्री म्हणतो, सिमेंट भरून देतो. वडील तयार आहेत. पण मागच्या वर्षी हेच केलं होतं आणि पहिल्याच उन्हाळ्यात ते फुटलं.

फुटणारच. काँक्रीट उन्हात फुगतं, थंडीत आकसतं. दहा मीटर लांबीचं काँक्रीट 40 अंशांच्या फरकाने साधारण 4 मिलिमीटर हलतं. आपल्याकडे मे महिन्याची दुपार आणि डिसेंबरची पहाट यांत एवढा फरक आरामात पडतो. सांधा म्हणजे त्या हालचालीसाठी सोडलेली जागा. तिथे सिमेंट कोंबलं की एकतर ते फुटतं, नाहीतर शेजारच्या कडा उडतात.

मेहकर, सिंदखेडराजाकडे समृद्धीवर गेलात तर काँक्रीटमध्ये ठराविक अंतरावर आडव्या रेघा दिसतील. त्या मुद्दाम ठेवलेल्या असतात. काँक्रीट कुठे तडकायचं, ते आधीच ठरवून दिलेलं असतं.

आता खरी भीती. खामगाव, शेगाव, मलकापूर पट्ट्यात खाली काळी माती. ती पाणी प्यायली की फुगते, वाळली की भेगाळते. उघड्या सांध्यातून पावसाचं पाणी आत गेलं की काँक्रीट एका बाजूने उचललं जातं. त्यात घराच्या जोत्याला लागून असलेला सांधा सगळ्यात महत्त्वाचा, कारण ते पाणी थेट पायाजवळच्या मातीत मुरतं. पैसे कमी असतील तर आधी तोच करा.

काम असं. जुनं डांबर, माती, गवत मुळासकट काढा. छिन्नी हळू चालवा, कडा उडायला नकोत. तारेच्या ब्रशने घासा, धूळ उडवा, पूर्ण वाळू द्या. ओल्यावर काहीच चिकटत नाही. मग फोमची गोल दोरी आत दाबा. दुकानात ‘बॅकर रॉड’ म्हणून मागा, फटीपेक्षा थोडी जाड घ्या. ही दोरी लोक हमखास वगळतात. ती नसेल तर सीलंट खालीही चिकटतं, मग त्याला ताणता येत नाही आणि ते फाटतं.

वरून पॉलीयुरेथेन सीलंट, गनने. खोली फटीच्या रुंदीच्या निम्मी. पृष्ठभागापेक्षा जरा खालीच ठेवा, म्हणजे टायर घासणार नाही. व्हिनेगरसारखा वास येणारं बाथरूमचं सिलिकॉन इथे नको, काँक्रीटवर ते नीट धरत नाही.

आणि भर मे महिन्यात हे काम काढू नका. तेव्हा फट सगळ्यात अरुंद असते, थंडीत ती रुंदावली की सीलंटवर सगळा ताण येतो. फेब्रुवारी नाहीतर पाऊस संपून काँक्रीट वाळल्यावरचे दिवस बरे.

एक बाजू आधीच वर उचलली गेली असेल, तर मात्र नुसता सांधा भरून भागणार नाही. आधी पन्हाळीचं पाणी कुठे पडतंय ते बघा.