सहरीची मिस्वाक, इफ्तारनंतरची मशेरी

सहरी संपायला दहा मिनिटं उरली की तळेगाव दाभाड्यातल्या रोजेदार घरांत बेसिनपाशी गर्दी होते. नवलाख उंबऱ्याच्या एमआयडीसीतून रात्रपाळी करून आलेला मुलगा एका हाताने घास संपवतो, दुसऱ्या हाताने ब्रश शोधतो. फज्रच्या अजानआधी दात घासून, चूळ भरून मोकळं व्हायचं असतं. कारण रोज्यात पेस्ट पोटात गेली तर रोजा तुटतो, आणि नुसती चव घेणंही उलेमांना पसंत नाही.

मिस्वाकचं तसं नाही. पीलूच्या झाडाची ही काडी. टोक चावून कुंचल्यासारखं करायचं आणि दात घासायचे. आपल्याकडचं कडुनिंबाचं किंवा बाभळीचं दातवण तिचंच भावंड. उम्मतला जड जाणार नसतं तर प्रत्येक नमाजआधी मिस्वाक करायला सांगितलं असतं, अशा अर्थाची प्रेषितांची (स.) हदीस आहे. हनफी मतानुसार रोज्यात दिवसभर मिस्वाक चालते. कोकणी मुसलमान शाफई. ते दुपारनंतर ती टाळतात. जागतिक आरोग्य संघटनेनेही १९८६ मध्ये, जिथे रिवाज आहे तिथे, मिस्वाक वापरण्याची शिफारस केली होती.

दिवसभर पाणी नसल्याने लाळ कमी होते आणि तोंडाला वास येतो. खजूर, शरबत, जिलेबीची साखर दातांच्या फटीत बसते. म्हणून तरावीहनंतर झोपताना फ्लोराइडची पेस्ट हवीच. मिस्वाक कीड रोखण्यात तिची जागा घेत नाही. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट पुरते, त्यावरच्याला वाटाण्याएवढी. दादीची कवळी रात्री काढून, धुऊन पाण्यात ठेवावी.

पण खरी काळजी वेगळीच आहे. याच घरांत, शेजारच्या हिंदू घरांतही, फडताळात एक डबी असते. तव्यावर तंबाखू जाळून केलेली काळी पूड, मशेरी. दाढ दुखली म्हणून कधी लावली, मग तिच्याशिवाय पोट साफ होईना. तिला कुणी व्यसन म्हणत नाही, 'दात घासणं' म्हणतात. हिरड्यांतून निकोटिन रक्तात जातं. हिरड्या खाली सरकतात, तोंडात पांढरे चट्टे उठतात आणि पुढे कर्करोगाचा धोका असतो. गरोदर बाईचं बाळ कमी वजनाचं होऊ शकतं. दंतमंजनात तंबाखू घालायला देशात १९९२ मध्येच बंदी आली. घरच्या तव्याला कोण बंदी घालणार?

रमजानमध्ये मात्र हीच दादी, हीच खाला १३-१४ तास डबीला हात लावत नाही. डोकं दुखतं, चिडचिड होते, तरी निभावते. मगरीबला खजूर तोंडात टाकला की तासाभरात बोट पुन्हा डबीत! दिवसभर जे जमलं ते इफ्तार ते झोप एवढ्या चार तासांत का जमू नये, हे घरच्यांनी तिला मायेने विचारावं. आधी इफ्तारनंतरची एकच वेळ ठेवावी, मग तीही सोडावी; बडीशेप, लवंग जवळ ठेवावी. १८००-११-२३५६ या राष्ट्रीय मोफत क्रमांकावर तंबाखू सोडण्यासाठी सल्ला मिळतो. दोन आठवड्यांत न भरणारी जखम किंवा चट्टा असेल तर मात्र थेट दंतवैद्याकडे न्यावं. त्यासाठी ईदची वाट पाहू नये.

ईदच्या सकाळी आंघोळ, मिस्वाक, अत्तर ही सुन्नत. महिनाभरात पहिल्यांदा दिवसा तोंड मोकळं असतं ते त्याच सकाळी, आणि सुटलेली मशेरी परत लागते तीही बहुधा तेव्हाच. चाँदरातीला मेंदी-बांगड्यांच्या गडबडीत घरच्यांनी फडताळातली ती डबी तेवढी उचलून टाकावी, अर्थात दादीला विचारूनच.