पुढील कथेची पहिली चाहूल

श्रोतेहो, शाकुंतलाच्या चौथ्या अंकाच्या आरंभीं दुर्वासाचा शाप आपल्या कानीं पडतो. शकुंतलेनें तो ऐकलेला नसतो; दुष्यंताला तर त्याची वार्ताहि नसते. राजा पुढें तिला ओळखणार नाहीं, हें प्रेक्षकाला मात्र तेव्हांच कळून चुकतें. म्हणून पांचव्या अंकांतील राजसभेचा प्रसंग त्याला नीरस वाटतो काय? उलट, काय होणार तें ठाऊक असल्यामुळेंच त्याच्या जिवाची घालमेल होते. पुढील घटनेची आधींच चाहूल देण्याचें हें तंत्र आपल्या नाट्यशास्त्रकारांना चांगलें परिचित होतें. बीज आणि पताकास्थानक हे शब्द त्यांचेच. परंतु नाटक एका रात्रींत संपतें. जी कथा पांच वर्षें चालावयाची, तींत हें तंत्र कसें साधतें आणि त्यासाठीं काय किंमत द्यावी लागते, याचा आज थोडा विचार करूं.

उदाहरणासाठीं अमेरिकेंतील ‘बॅबिलॉन ५’ ही दूरचित्रवाणी-मालिका घेऊं. ही एक विज्ञानकथा आहे. तेविसाव्या शतकांत अंतराळांत एक प्रचंड स्थानक उभारलेलें आहे. मानवांचे आणि परग्रहांवरील अनेक जातींचे राजदूत तेथें एकत्र राहतात, भांडतात आणि तहाच्या वाटाघाटी करतात. मालिकेचा प्रास्ताविक चित्रपट १९९३ च्या फेब्रुवारींत दाखविला गेला. नियमित मालिका जानेवारी १९९४ मध्यें सुरू होऊन नोव्हेंबर १९९८ मध्यें संपली. तिचीं पर्वें ५ आणि भाग ११०. त्यांपैकीं ९२ भाग तिचे जनक जे. मायकेल स्ट्रॅझिन्स्की यांनीं स्वतः लिहिले. त्या काळीं तिकडील बहुतेक मालिकांत प्रत्येक भाग स्वयंपूर्ण असे. एखादा चुकला तरी प्रेक्षकाचें फारसें अडत नसे. अशा वेळीं आज पेरलेलें दोन वर्षांनीं उगवेल, या भरंवशावर लिहिणें हें धाडसच होतें.

पहिल्याच भागांतील एक प्रसंग पाहा. सेंटौरी जातीचा राजदूत लोंडो स्थानकाच्या अधिपतीला, सिंक्लेअरला, आपलें एक स्वप्न सांगतो. वीस वर्षांनंतर आपण म्हातारे झालों आहों, आपले हात कोणाच्या तरी गळ्याभोंवतीं आहेत, त्याचे हात आपल्या गळ्याभोंवतीं आहेत, आणि दोघेहि मरत आहेत, असें तें स्वप्न. तो दुसरा म्हणजे नार्न जातीचा राजदूत जकार. या दोन जातींचें हाडवैर. त्याच भागांत नार्नांनीं सेंटौरींच्या एका वसाहतीवर झडप घातलेली आहे. तेव्हां प्रेक्षक सहज समजतो कीं, हें वैर वाढत जाईल आणि शेवटीं दोघांचाहि घास घेईल.

१९९५ मध्यें, दुसऱ्या पर्वांत, तें स्वप्न आपणांस प्रत्यक्ष दिसतें. आतां मात्र लोंडो अत्याचार सोसणाऱ्यांचा राजदूत राहिलेला नाहीं. महत्त्वाकांक्षेपायीं त्यानें एका भयंकर शक्तीशीं हातमिळवणी केलेली आहे, आणि त्याच पर्वांत नार्नांची मायभूमि धुळीस मिळते. मग तोच मृत्यु न्याय्य प्रायश्चित्तासारखा वाटूं लागतो.

१९९६ च्या मे महिन्यांत तो प्रसंग तिसऱ्यांदा येतो, तेव्हां त्याचा खरा अर्थ उलगडतो. लोंडो सम्राट् झाला आहे, पण त्याच्या मानेवर एक परजीवी प्राणी बसला असून त्याच्या प्रत्येक हालचालीवर त्याची सत्ता आहे. मद्य पिऊन तो त्या प्राण्याला क्षणभर निजवितो, कैद्यांना निसटून जाऊं देतो, आणि ‘हा जागा होण्यापूर्वीं मला मार’ अशी विनवणी जकारलाच करतो. जकार त्याचा गळा आवळतो तो सूडानें नव्हे. इतक्यांत तो प्राणी जागा होतो, आणि लोंडोचे हात त्याच्या इच्छेविरुद्ध जकारच्या गळ्याकडे जातात.

श्रोतेहो, दृश्य तिन्ही वेळां एकच, परंतु पहिल्यानें तें वैर होतें, मग शिक्षा झालें आणि शेवटीं मुक्ति. लेखकानें घटना लपविली नाहीं. त्यानें अर्थ राखून ठेवला. घटना लपविणारी कथा रहस्य फुटतांच शिळी होते. अर्थ राखून ठेवणारी कथा पुन्हां पाहिली तरी ताजीच राहते.

परंतु अशी सूचना हें एक वचन असतें, आणि तें पाळणें लेखकाच्या एकट्याच्या हातीं नसतें. १९९४ च्या ऑगस्टमध्यें एक भाग आला. चार वर्षांपूर्वीं नाहींसें झालेलें ‘बॅबिलॉन ४’ हें स्थानक त्यांत एकाएकीं पुन्हां प्रकट होतें. आणि अखेरीस एका अनोळखी पोषाखाआड वृद्ध झालेल्या सिंक्लेअरचा चेहरा दिसतो. हें कोडें अर्थातच पुढें सोडवावयाचें होतें. पण पहिलें पर्व संपलें आणि सिंक्लेअरची भूमिका करणारे मायकेल ओहेअर मालिकेंतून गेले. दुसऱ्या पर्वापासून शेरिडन हा नवा नायक आला. तरीहि १९९६ मध्यें ओहेअर परत आले, आणि त्या कोड्याचें उत्तर देऊन गेले.

ते कां गेले होते, हें २०१२ मध्यें त्यांचें निधन झाल्यावर स्ट्रॅझिन्स्की यांनीं सांगितलें. पहिल्या पर्वाच्या वेळींच ओहेअर गंभीर मानसिक व्याधीनें ग्रस्त झाले होते. मालिका थांबविण्याची तयारी लेखकानें दाखविली. परंतु इतरांची रोजी बुडेल म्हणून नटानें ती नाकारली. ही गोष्ट आपण मरेपर्यंत गुप्त ठेवूं, असें लेखक म्हणाले. ‘तुमच्या नव्हे, माझ्या मरणापर्यंत ठेवा,’ अशा अर्थाचें ओहेअर यांचें उत्तर होतें. पडद्यावरील कोड्यामागें असें पडद्याबाहेरचें एक वचन उभें होतें.

सर्वच वचनें पाळलीं गेलीं असें मात्र नाहीं. पहिल्या पर्वांत टॅलिया नांवाच्या मनकवड्या स्त्रीला एक अद्भुत देणगी मिळते. पुढें तिचें कांहीं थोर कार्य होणार असें वाटतें. पण १९९५ मध्यें ती भूमिका संपली, आणि तें बीज तेथेंच करपलें. प्रत्येक पात्राला कथेबाहेर जाण्याची एक गुप्त वाट लेखकानें आधींच योजून ठेविली होती. तिच्यामुळें कथा सांवरली, परंतु ती देणगी वांयां गेली.

याउलट, पहिल्या पर्वांत एका भविष्यवादिनीला स्थानकाचा स्फोट दिसतो, आणि प्रेक्षक पांच वर्षें एका घोर संहाराची वाट पाहतो. शेवटच्या भागांत स्थानक खरोखरच उडविलें जातें, पण तें शांतपणें, माणसें बाहेर काढून, त्याचें कार्य संपलें म्हणून. मालिका बंद पडण्याच्या भीतीनें हा भाग चौथ्या पर्वाच्या वेळींच चित्रित करून ठेविला होता. पांचवें पर्व मिळाल्यामुळें तो १९९८ मध्यें दाखविला गेला. त्यांत स्थानकाचे दिवे मालविणाऱ्या कामगाराची लहानशी भूमिका स्ट्रॅझिन्स्की यांनीं स्वतः केली आहे. ज्यानें आरंभीं वचन दिलें, त्यानेंच शेवटीं दिवा मालवावा, हें उचितच झालें.