सागरपार लष्करी मोहिमेतील आज्ञाव्यवस्था व संदेशवहन : फॉकलंड युद्धाचा अभ्यास

प्रस्तावना :
सैन्य सागरपार पाठविताना जहाजे, शस्त्रे व रसद यांचा विचार प्रथम होतो. परंतु आज्ञा कोणी द्यावी आणि संपर्क तुटल्यास निर्णय कोणी घ्यावा, हे प्रश्नही तितकेच मूलभूत होत. प्रस्तुत लेखात १९८२ च्या फॉकलंड युद्धाच्या आधारे त्यांचे विवेचन केले आहे.

आज्ञाव्यवस्था :
२ एप्रिल १९८२ रोजी अर्जेंटिनाने ब्रिटनपासून सुमारे १३,००० किलोमीटर दूर असलेली फॉकलंड बेटे ताब्यात घेतली. ब्रिटिश मोहिमेचे सेनापती ॲडमिरल फील्डहाऊस लंडननजीक नॉर्थवुड येथे होते. आघाडीवर विमानवाहू ताफ्याचे वुडवर्ड, उभयचर ताफ्याचे क्लॅप व भूदलाचे थॉम्प्सन हे तिघे स्वतंत्रपणे नॉर्थवुडला जबाबदार होते. तिघांवर घटनास्थळी एकच वरिष्ठ अधिकारी नव्हता. भूदलाचे नवे प्रमुख मेजर जनरल मूर ३० मे रोजी पोहोचले. प्रवासात जहाजावरून त्यांचा संपर्कही नीट होत नव्हता. परिणामी २१ मे रोजी सैन्य उतरल्यानंतर थॉम्प्सन यांना ब्रिगेडचे नेतृत्व करतानाच नॉर्थवुडलाही उत्तरे द्यावी लागली. गूज ग्रीनवरील हल्ला याच दडपणाखाली झाला.

संदेशवहन :
उपग्रहामुळे मायदेशाशी थेट संभाषण शक्य झाले. त्याचबरोबर दूरस्थ मुख्यालयाचा हस्तक्षेपही वाढला. ४ मे रोजी 'शेफील्ड' युद्धनौका उपग्रहामार्फत संदेश पाठवीत असताना शत्रूच्या रडारची चाहूल घेणारी तिची यंत्रणा निष्प्रभ झाली होती. क्षेपणास्त्र वेळीच न कळण्याचे ते एक कारण ठरले व २० जण मृत्युमुखी पडले. याउलट जूनच्या आरंभी सैनिकांनी गावातील साध्या टेलिफोनवरून फिट्झरॉय येथे शत्रू नसल्याची खात्री करून घेतली. मात्र एक बटालियन घाईने तेथे पुढे गेल्याने उर्वरित दल समुद्रमार्गे हलविणे भाग पडले. ८ जून रोजी 'सर गॅलहॅड' जहाजावरील बॉम्बहल्ल्यात ४८ जणांचा बळी गेला.

निष्कर्ष :
१. घटनास्थळी एकच संयुक्त सेनापती प्रस्थानापूर्वीच नेमलेला असावा.
२. संदेशयंत्रणा व शोधयंत्रणा यांचा परस्परांवरील परिणाम आधीच तपासावा.
३. संपर्क खंडित झाल्यास कनिष्ठ अधिकाऱ्याच्या अधिकाराची मर्यादा लेखी निश्चित असावी.

१९८७ साली श्रीलंकेत गेलेल्या भारतीय शांतिसेनेचे एकंदर सेनापतित्व पुण्याच्या दक्षिण मुख्यालयाच्या प्रमुखांकडे होते. म्हणूनच महाराष्ट्रातील संरक्षणशास्त्राच्या अभ्यासकांनी दोन्ही मोहिमांचा तुलनात्मक अभ्यास करणे उपयुक्त ठरेल. आज्ञेतील संदिग्धतेची किंमत अखेरीस सैनिकालाच मोजावी लागते.